सुटकेची विनंती पुरे, आता एकेका नावाचा हिशेब मागा : १९७१च्या बेपत्ता सैनिकांविषयी महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेवर गेलेले १९ सन्माननीय सदस्य,
नवी दिल्ली.

सन्माननीय सदस्यहो,
स. न. वि. वि.

दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान आपापल्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. २००८ साली झालेल्या करारानं ही पद्धत सुरू झाली आणि संबंध कितीही बिघडले तरी ती चालू राहिली. त्या दिवशी आपलं परराष्ट्र मंत्रालय एक प्रसिद्धिपत्रक काढतं. किती नागरिक, किती मच्छीमार, एवढे आकडे त्यात असतात. पालघर-डहाणूकडच्या पाड्यांवर या आकड्यांची वाट पाहिली जाते, कारण तिथले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि सागरी हद्दीच्या भानगडीत पकडले जातात. त्याच पत्रकात मच्छिमारांबरोबर आणखी एक मागणी असते : बेपत्ता भारतीय संरक्षण कर्मचाऱ्यांची लवकर सुटका करावी. पाकिस्तानचं उत्तर ठरलेलं आहे. आमच्याकडे असं कुणीही नाही. तिथे विषय मिटतो, तो पुढच्या सहा महिन्यांसाठी.

या बेपत्ता माणसांपैकी ५४ जण युद्धकैदी असल्याचं आपलं सरकार मानतं. बहुतेक सगळे डिसेंबर १९७१च्या युद्धातले आहेत. त्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आहेत, फ्लाइट लेफ्टनंट अशोक बळवंत ढवळे आहेत, फ्लाइट लेफ्टनंट रमेश कदम आहेत. नावं आपल्या घरातली वाटतात म्हणून आपण बोलावं, असं मी म्हणत नाही. घोष, सुरी, वडाईच, पुरोहित हेही तितकेच आपले. पण महाराष्ट्राच्या ६७ सदस्यांना हा विषय परका आहे, असं कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून ही तीन नावं आधी लिहिली.

विजय तांबे सुखोई-७ चालवत. ५ डिसेंबर १९७१ला ते पाकिस्तानातल्या शोरकोट विमानतळावरच्या हल्ल्यासाठी गेले आणि विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात त्यांचं विमान पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या, १९७०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. युद्धाच्या त्या पहिल्या दिवसांतच ढाक्याच्या एका इंग्रजी दैनिकात बातमी आली, की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले गेले आहेत. त्यात एक नाव होतं, फ्लाइट लेफ्टनंट 'टॉम्बे'. आपल्या हवाई दलात या उच्चाराच्या जवळ जाणारा वैमानिक कोण, हे शोधायला फार डोकं चालवावं लागत नाही. पण कैदी परत आले तेव्हा त्यांत तांबे नव्हते. दमयंतीताईंनी पुन्हा लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी केली आणि उरलेलं सगळं आयुष्य मंत्र्यांचे, सचिवांचे, दूतावासांचे उंबरे झिजवले. एका खेळाडूचं ऐन भरातलं आयुष्य अर्ज लिहिण्यात गेलं.

दुसरी गोष्ट मेजर अशोक सुरींची. छांब आघाडीवर ते होते आणि लष्करानं त्यांना युद्धात कामी आले असं जाहीर केलं होतं. युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर, डिसेंबर १९७४मध्ये, त्यांच्या वडिलांना टपालानं एक चिठ्ठी मिळाली. मुलाचं अक्षर, मजकूर एवढाच की मी इथे ठीक आहे. सोबत कुणा अनोळखी माणसाची ओळ : तुमचा मुलगा जिवंत आहे, पाकिस्तानात आहे, मी फक्त ही चिठ्ठी आणू शकलो. पुढच्या वर्षी दुसरं पत्र आलं, कराचीहून लिहिलेलं, जून १९७५चं. मुलगा वडिलांच्या पाया पडतो, आईला आणि आजोबांना नमस्कार सांगतो आणि लिहितो की इथे आम्ही वीस अधिकारी आहोत, सरकारनं पाकिस्तान सरकारशी बोलून आमची सुटका करावी. अक्षराची तपासणी झाली. ते मेजर सुरींचंच आहे असा निर्वाळा मिळाला आणि सरकारी दफ्तरात त्यांच्या नावापुढचा 'कामी आले' हा शेरा बदलून 'बेपत्ता' असा झाला.

इथे जरा थांबून विचार करा. एका अधिकाऱ्याचं मरण आपल्याच सरकारनं कागदावर मागे घेतलं. ज्या पत्रामुळे मागे घेतलं, त्यातच आणखी एकोणीस अधिकारी असल्याचं लिहिलं होतं. ते एकोणीस कोण, याचा शोध कुणी घेतला, कुठवर घेतला, काय हाती लागलं? त्याचा अहवाल असेल तर तो कोणत्या कपाटात आहे?

कैदी होऊनही सुखरूप परतलेल्यांकडे पाहिलं की हरवलेल्यांची गोष्ट जास्त उलगडते. आपल्या मराठी वाचकांना दिलीप पारुळकर माहीत आहेत. तेही सुखोईचेच वैमानिक, त्याच महिन्यात पाडले गेले, पकडले गेले. रावळपिंडीच्या छावणीतून ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहकाऱ्यांना घेऊन ऑगस्ट १९७२मध्ये ते भिंत फोडून पळाले. अफगाण सीमेच्या अगदी तोंडाशी पुन्हा पकडले गेले, आणि तरीही १ डिसेंबर १९७२ला वाघा सीमेवरून इतर सहाशेवर भारतीय कैद्यांबरोबर घरी आले. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं. शत्रूच्या छावणीतून पळालेल्या माणसालाही पाकिस्तान गडप करू शकला नाही, कारण त्यांची नोंद झालेली होती. तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार पकडलेल्या प्रत्येक सैनिकाला छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत एक कार्ड लिहू द्यावं लागतं. ते रेड क्रॉसमार्फत घरी आणि जिनिव्हाच्या केंद्रीय नोंदणीकडे जातं. ज्याचं कार्ड गेलं, तो जगाच्या हिशेबात आला. ज्याला छावणीऐवजी चौकशी केंद्रात नेलं, किंवा हेर ठरवून साध्या तुरुंगात टाकलं, तो कुठेच आला नाही. ५४ जणांपैकी किती जणांच्या वाट्याला हे आलं असेल आणि किती जण विमानाबरोबरच किंवा खंदकातच त्या दिवशी संपले असतील, खरं कोडं ते आहे.

मी माजी सैनिकाची मुलगी आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. त्यांच्या स्मरणाचा दगड इंग्रजांनीसुद्धा गावात लावला. सैनिकाच्या घरात मरणाची तयारी असते. तयारी नसते ती कागदावर मधल्यामध्ये अडकून राहण्याची. पेन्शन मिळवायची तर नवरा मेला असं लिहून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच नवरा सोडवा म्हणून मंत्रालयात अर्ज द्यायचा, हे बेपत्ता सैनिकाच्या पत्नीच्या वाट्याला येतं. हे मी कुणावर रागावून लिहीत नाही. नियमच तसे आहेत. पण त्या बायांचं काय झालं असेल, हे या घरांतून वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आता जे अडचणीचं आहे तेही सांगते, कारण ते लपवून मागणी केली तर ती टिकणार नाही. या प्रकरणातला बराचसा पुरावा ऐकीव आहे. सुटून आलेले हेर, तस्कर, चुकून सीमा ओलांडलेले शेतकरी यांनी सांगितलेलं, की अमुक तुरुंगात अमुक नावाचा माणूस पाहिला. भुट्टोंच्या खटल्याविषयी लिहिणाऱ्या ब्रिटिश पत्रकार व्हिक्टोरिया स्कोफील्ड यांनी लाहोरच्या कोट लखपत तुरुंगात भिंतीपलीकडून येणाऱ्या किंकाळ्यांचा उल्लेख केला आहे. ते वेडे झालेले भारतीय युद्धकैदी होते असं त्यांना सांगण्यात आलं. सांगण्यात आलं, एवढंच. 'टाइम' साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१च्या अंकात गजांआडच्या एका भारतीय सैनिकाचं छायाचित्र आलं. कुटुंबीयांनी ते मेजर ए. के. घोष म्हणून ओळखलं. हा पुरावा किंकाळ्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे. दुसरीकडे, लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय ज्या अलिझे विमानात होते ते १० डिसेंबरला समुद्रावर पाडलं गेलं. खुल्या समुद्रात पडलेल्या विमानातला माणूस कैदी झाला असेल का, ही शंका घेणं म्हणजे देशद्रोह नव्हे. म्हणजे ५४ ही एक संख्या नाही. तिच्यात सुरींसारखी हस्ताक्षरानं सिद्ध झालेली प्रकरणं आहेत, घोषांसारखी छायाचित्राची आहेत, तांब्यांसारखी वर्तमानपत्री नोंदीची आहेत आणि काही अशीही असतील जिथे आशेपलीकडे काहीच नाही. सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधून 'यांना सोडा' म्हटलं, की समोरच्याचं काम सोपं होतं. सगळ्यात कच्चं प्रकरण दाखवून तो सगळंच झटकून टाकतो.

आणि आपलं सरकार तरी एका सुरात बोलतं का? १९७९ साली परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत पाकिस्तानातल्या तुरुंगांत असलेल्या ४० जणांची यादी ठेवली. पुढे तीच यादी ५४ची झाली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं विचारलं की ही माणसं जिवंत आहेत का, तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आलं की ठाऊक नाही, पाकिस्तान नाकारतो आहे म्हणून ती हयात नसावीत असं धरावं लागतं. चारच वर्षांनी, जुलै २०१९मध्ये, संसदेत उत्तर दिलं गेलं की उपलब्ध माहितीनुसार ५४ युद्धकैद्यांसह ८३ बेपत्ता संरक्षण कर्मचारी पाकिस्तानच्या ताब्यात आहेत. न्यायालयात मेलेले आणि संसदेत ताब्यात. दोन्ही विधानं एकाच सरकारची, आणि मधे सरकार बदललेलंही नव्हतं. हा प्रश्न कोणत्या एका पक्षाचा नाही, म्हणूनच तो ६७ जणांना उद्देशून लिहिते आहे. १९७२च्या सिमला करारावेळी ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपल्याकडे होते. ते १९७४पर्यंत परत गेले आणि तेव्हा आपल्या बेपत्ता माणसांची मोजदाद नीट झाली नाही. ती चूक काँग्रेसच्या काळातली. त्यानंतर जनता पक्ष, आघाड्या, भाजप सगळ्यांची सरकारं येऊन गेली आणि कागद तिथेच आहेत.

शोध झालाच नाही असंही नाही. १९८३ साली काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेलं. जून २००७मध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानातले दहा तुरुंग फिरून आले. त्यांना त्यांचं कुणीही दिसलं नाही. पण अशा भेटींतून काय निघणार होतं? यजमान देश आधी तारीख ठरवतो, कोणत्या बराकी दाखवायच्या ते ठरवतो आणि वीस-पंचविशीत हरवलेल्या माणसाला पन्नाशी-साठीत त्याच्या बायकोनं किंवा बहिणीनं गजांआडून ओळखावं अशी अपेक्षा करतो. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची कैद्यांसाठीची संयुक्त समिती होती. तिची शेवटची बैठक झाली ती ऑक्टोबर २०१३मध्ये.

म्हणून माझी मागणी अशी आहे. सुटकेची विनंती राहू द्या, पण तिच्या आधी हिशेब मागा. आणि तो पहिल्यांदा आपल्याच सरकारकडे मागा.

प्रत्येक नावाची एक श्वेतपत्रिका संसदेत ठेवायला लावा. हा माणूस शेवटचा कुठे, कुणाला दिसला. पॅराशूट उघडलेलं सोबतच्या वैमानिकानं पाहिलं की नाही. तुकडीच्या चौकशी मंडळानं काय निष्कर्ष काढला. रेड क्रॉसकडे नाव कधी पाठवलं, त्यांनी काय कळवलं. सुटून आलेल्या कैद्यांनी जबाबात काय सांगितलं. सरकार आज त्याला जिवंत मानतं की मृत, आणि कशावरून. यातलं काहीही आता युद्धगुपित राहिलेलं नाही. सुखोई-७ कधीच निवृत्त झालं, ज्या गुप्त गोष्टी जपायच्या होत्या त्या जुन्या झाल्या. नेताजी सुभाषचंद्रांविषयीच्या शंभर फायली २३ जानेवारी २०१६ला याच देशानं खुल्या केल्या. आभाळ कोसळलं नाही. मग ५४ सैनिकांच्या का नाहीत?

परदेशात हे झालेलं आहे. व्हिएतनाम युद्धातल्या बेपत्ता सैनिकांसाठी अमेरिकी सिनेटनं १९९१मध्ये जॉन केरी यांच्या अध्यक्षतेखाली एक खास समिती नेमली. लाखो पानं खुली झाली आणि समितीनं शेवटी सांगितलं की कुणी कैदेत जिवंत असल्याचा ठोस पुरावा मिळत नाही. निष्कर्ष कडू होता, सगळ्यांना पटलाही नाही. पण तो कागदपत्रांवर उभा होता आणि त्यानंतर व्हिएतनाममध्ये जाऊन विमानं पडली तिथली माती चाळण्याचं काम कालच्या शत्रूच्या मदतीनं चालू राहिलं. सायप्रसचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. तिथे ग्रीक आणि तुर्की समाजांचं अजून पटलेलं नाही, बेट अजून दुभागलेलं आहे, तरी बेपत्तांसाठी दोघांची मिळून एक समिती आहे. दोन हजार दोन बेपत्तांपैकी हजारहून अधिक जणांचे अवशेष तिनं ओळखून घरच्यांच्या हवाली केले. ती समिती दोषी कोण हे विचारत नाही. फक्त माणूस कुठे पुरला ते विचारते. राजकीय तोडगा निघेपर्यंत थांबायचं असं त्यांनी ठरवलं असतं, तर एकही हाड घरी गेलं नसतं.

पाकिस्तानकडे मागण्याचीही ही वाट आहे. 'आमचा कैदी सोडा' याला 'नाही' म्हणणं सोपं. 'शोरकोटला ५ डिसेंबरला पडलेल्या विमानाच्या वैमानिकाचं तुम्ही काय केलं, पकडला असेल तर कुठे नेला, मेला असेल तर कुठे पुरला' याला 'नाही' हे उत्तर होऊ शकत नाही. शत्रूच्या मृत सैनिकाचं दफन करून कबरीची नोंद ठेवणं हे करारानं बंधनकारक आहे आणि पाकिस्ताननं त्या करारावर सही केलेली आहे. तिसऱ्या जिनिव्हा करारातल्या ११९व्या कलमात तर विखुरलेल्या कैद्यांचा शोध घेण्यासाठी दोन्ही बाजूंनी मिळून आयोग नेमावेत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्या कलमाचं नाव घेऊन भारतानं रीतसर मागणी केली का, किती वेळा केली, उत्तर काय आलं, हेही विचारा.

एक काम मात्र पाकिस्तानवर अजिबात अवलंबून नाही आणि त्याला उशीर परवडणारा नाही. या सगळ्यांच्या सख्ख्या भावा-बहिणींचे डीएनए नमुने आत्ताच घेऊन ठेवायला हवेत. आईवडील बहुतेकांचे गेले. भावंडं सत्तरी-ऐंशीत आहेत. उद्या शोरकोटजवळ किंवा छांबच्या शेतात नांगराला हाडं लागली आणि सुदैवानं ती आपल्याला मिळाली, तर ती कुणाची हे सांगायला कोण उरलेलं असेल? लष्कराच्या वैद्यकीय सेवेला हे काम काही आठवड्यांचं आहे. त्याला परराष्ट्र धोरण लागत नाही, वाटाघाटी लागत नाहीत, एक आदेश लागतो.

कुणी म्हणेल, एवढ्या वर्षांनी उकरून काय मिळणार, आज ते असते तर पंचाहत्तरी-ऐंशी उलटून गेलेले असते. खरं आहे. यांतलं कुणी चालत वाघा सीमा ओलांडेल असं मला वाटत नाही. पण ज्या देशात आजही हजारो मुलंमुली सैन्यात भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात, त्यांच्या आईबापांना हे कळलं पाहिजे की मुलगा हरवला तर सरकार त्याची फाईल मिटवून ठेवणार नाही. आमच्या भागात भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या गावोगाव आहेत. त्या पोरांना विजय तांबे माहीत नाहीत. त्यांना ते माहीत व्हावेत, आणि त्यांचं पुढे काय झालं तेही माहीत व्हावं.

लोकसभेत प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे पुढच्या अधिवेशनासाठी वेळ आहे. प्रश्न तारांकित मागा, म्हणजे मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागेल आणि तुम्हाला पूरक प्रश्न विचारता येतील. ५४ जणांचा एकत्र विचारू नका. ६७ सदस्य आहात. एकेकानं एकेक नाव घेतलं तरी यादी संपून सदस्य उरतात. राज्यसभेकडे याचिका द्यायची तर तिच्यावर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. मसुदा आम्ही माजी सैनिकांची मुलं मिळून तयार करतो, सही तुमच्यापैकी कुणी करायची ते कळवा. तांबे, ढवळे आणि कदम ही तीन नावं कोण घेणार, एवढं अधिवेशनाआधी जाहीर करा.

आपली,
सातारा जिल्ह्यातील एक मतदार, माजी सैनिकाची मुलगी